ओएचपी शीटची जास्वंद

कागदाच्या किंवा सॅटिनच्या फुलात बरंच काही झाकलं जातं. पाकळीमागची पेन्सिलची रेघ, जास्त झालेला गोंद, तारेचा वेडावाकडा वेढा, सगळं खपून जातं. पारदर्शक शीटच्या फुलात मागची बाजू पुढूनही दिसते, बोटाचा ठसासुद्धा उजेडात उठून दिसतो. त्यामुळे हे फूल करताना पाकळी कापणं हा सोपा भाग असतो. खरी मेहनत सांधे लपवण्यात आणि प्लास्टिकला योग्य तेवढीच ऊब देण्यात जाते.

इथे जास्वंद घेतली आहे. पाचच पाकळ्या, त्याही सुट्या, कड लहरी आणि सुरकुतलेली. प्लास्टिकची कड तापवली की ती आपणहून अशीच लहरते, म्हणजे निम्मं काम मेणबत्तीच करते. शिवाय लाल पारदर्शक पाकळीमागून उजेड आला की तिला जी झळाळी येते ती कापडी फुलाला येत नाही. गणपतीच्या आराशीत मागे एलईडीची माळ सोडायची असेल तर यासारखं फूल नाही.

आधी शीट ओळखा

दुकानात "ट्रान्सपरंट शीट द्या" म्हटलं की चार वेगळ्या जातींचं प्लास्टिक हातात येऊ शकतं आणि दिसायला चारही सारखीच. पण तापवल्यावर चौघांची तऱ्हा वेगळी.

ओएचपी शीट, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची पारदर्शक शीट, पीईटीची, म्हणजे पॉलिस्टरची असते. जाडी साधारण 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. वाकवली की कडक लागते, हलवली की खणखणीत वाजते. फुलांसाठी हीच सर्वांत चांगली. मात्र तिच्यातही प्रकार आहेत. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीनमध्ये चालणारी शीट तापल्यावर आकसू नये अशाच बेताने बनवलेली असते, त्यामुळे ती मेणबत्तीला लवकर दाद देत नाही. नुसतं हाताने लिहायची शीट लवकर लहरते. मिळाली तर ती घ्या. इंकजेटची शीट मात्र टाळा. तिच्या एका बाजूला शाई धरून ठेवणारा थर असतो, त्याने शीट किंचित धुरकट दिसते. ओल्या बोटाने दोन्ही बाजू चाचपल्या की जी बाजू चिकट लागते तीच थराची बाजू.

झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगला वर लावतात ती शीट बहुधा पीव्हीसीची असते, कधी पॉलिप्रॉपिलिनची. पीव्हीसी 150 ते 200 मायक्रॉनपर्यंत जाड, स्पर्शाला मऊ, आणि घडी घातली की घडीवर पांढरी रेघ उमटते. तिच्यापासून फुलं होतात, पण आचेवर नाही. पीव्हीसी जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, तो नाका-डोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसांना घातक असतो. "जाळून बघा म्हणजे कळेल" हा सल्ला म्हणूनच वाईट. पीव्हीसीला गरम पाण्यात आकार द्यायचा, तो प्रकार पुढे कमळाच्या वेळी येईल.

पॉलिप्रॉपिलिन ओळखायला बशीभर पाणी पुरे. शीटचा नखाएवढा तुकडा पाण्यात बुडवून, बोटाने त्यावरचे बुडबुडे पुसून सोडून द्या. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन, तळाला गेला तर पीईटी किंवा पीव्हीसी. तरंगणारी शीट परत करा. तिला गोंद धरत नाही, रंग धरत नाही, सुकलेला रंग नखाने अख्खा सोलून निघतो.

चौथी जात घरातच असते: मिठाईच्या खोक्याचं झाकण, शर्टाच्या डब्याची खिडकी, कोल्ड्रिंकची बाटली. त्रिकोणात 1 आकडा असेल तर पीईटी, 3 असेल तर पीव्हीसी, 5 असेल तर पॉलिप्रॉपिलिन, 6 असेल तर पॉलिस्टायरिन. सहा आकड्याचं झाकण ठिसूळ असतं, वाकवलं की तडकतं. ते सोडून द्या. बाटलीचं पीईटी आच लागताच झरझर आकसतं, म्हणून ते पाकळीपेक्षा पानांना आणि फुलाखालच्या हिरव्या वाटीला बरं.

सामान

ए-फोर शीट 29.7 गुणिले 21 सेंटीमीटरची असते. पाकळीला 5.5 गुणिले 6.5 सेंटीमीटर जागा धरली तर आडव्या शीटवर पाचाच्या तीन ओळी बसतात. पंधरा पाकळ्या, म्हणजे तीन फुलं, प्रत्येक साधारण 10 सेंटीमीटर रुंद. त्या तिघांसाठी लागणारं सामान असं:

- 100 मायक्रॉनची ओएचपी शीट 1, पानांसाठी मिठाईच्या खोक्याची पीईटी झाकणं 2
- 26 गेजची चंदेरी तार 3 मीटर (पाकळ्यांना आणि पानांना; गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), 18 गेजची तार 30 सेंटीमीटरचे 3 तुकडे (देठाला), 30 गेजची तार 1 मीटर (मण्यांना)
- हिरवी फ्लोरल टेप 1 रीळ
- भरतकामाचा लाल दोरा 1 लडी
- पिवळं बारीक पोलन, म्हणजे फुलाच्या मधल्या परागांसाठी मिळणाऱ्या दाणेदार काड्या, 1 जुडी, लाल बारीक मणी 15
- जाड टोकाचा लाल पर्मनंट मार्कर, आयसोप्रोपिल अल्कोहोल 50 मिलिलिटर
- ग्लास कलर (काचेवर द्यायचा पारदर्शक रंग) लाल, किरमिजी आणि हिरवा, सॉल्व्हंटवाला, म्हणजे पाण्यात नव्हे तर द्रावकात केलेला
- बी-7000 गोंद, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो
- शाई संपलेलं बॉलपेन, टोकदार कात्री, चिमटा, मेणबत्ती किंवा क्राफ्टची छोटी हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारी)

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. लहान गावात पोलन आणि फ्लोरल टेप मिळाली नाही तरी अडत नाही. पोलनऐवजी पिवळ्या लोकरीच्या बारीक गाठी चालतात, टेपऐवजी हिरव्या क्रेप कागदाची पट्टी गोंद लावून गुंडाळता येते. पिवळा रंगवलेला रवा मात्र लावू नका. दिसतो छान, पण महिन्याभरात मुंग्या किंवा टोके लागतात.

कापणं

पारदर्शक शीटवर आकृती काढायची गरजच नसते. कागदावर पंधरा पाकळ्या काढा, त्यावर शीट ठेवा, चारी कोपऱ्यांत स्टेपल मारा आणि दोन्ही एकदम कापा. शीटवर पेनाची रेघ ओढली तर ती नंतर कडेला राहते आणि पुसताना पसरते.

पाकळीचा आकार: वरचा भाग गोल आणि रुंद, सर्वांत जास्त रुंदी वरच्या एक-तृतीयांश भागात, खाली निमुळती होत साधारण 1 सेंटीमीटर, आणि तिथून 1 सेंटीमीटर लांबीची, 6 मिलिमीटर रुंद शेपटी. शेपटी फुलात दिसत नाही, ती बांधायला असते. खऱ्या जास्वंदीची पाकळी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, तिचा एक खांदा थोडा वर चढलेला असतो, कारण कळीत पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या असतात. साच्यात हा फरक अर्ध्या सेंटीमीटरचा ठेवा. फूल लगेच जिवंत वाटतं.

इथे एक खास पारदर्शक शीटची अडचण आहे. शीटला सुलट-उलट नसते, त्यामुळे कापलेल्या पाकळ्या टेबलावर मिसळल्या की कुठली पालथी पडली ते कळत नाही, आणि मग पाचातली एखादी पाकळी उलट्या दिशेने वळते. प्रत्येक शेपटीवर मार्करचा बारीक ठिपका द्या, सगळ्या पाकळ्यांच्या मागच्याच बाजूला. पुढे "मागची बाजू" म्हटलं की ती ठिपक्याची.

कात्रीचं टोक वळणाच्या मध्येच मिटू नका. तिथे केसाएवढी खाच पडते, आणि पीईटी अशा खाचेपासून सर्रकन फाटते. कात्री निम्मी मिटायची, पुन्हा उघडायची, हात जागेवर ठेवून शीट फिरवायची. खाच पडलीच तर तेवढी कड पुन्हा गोल कापून टाका.

कापून झालं की पाकळ्या कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि सुती कापडाने टिपा, घासू नका. घासलं की शीटमध्ये स्थिर वीज भरते आणि खोलीतली धूळ पाकळीवर धावून येते. यानंतर पाकळी फक्त शेपटीला धरायची. बोटाचं तेल लागलेल्या जागी रंग फाटतो, गोल गोल मोकळे ठिपके राहतात.

शिरा आणि पहिला रंग

मऊ पृष्ठभाग हवा: माउस पॅड, किंवा चार घड्या घातलेलं जाड कापड. पाकळी ठिपका वर येईल अशी ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनाने शेपटीपासून शिरा दाबा. एक मधली, दोन्ही बाजूंना तीन-तीन, बुंध्याशी जवळ आणि वर पसरत जाणाऱ्या. कडेच्या अर्धा सेंटीमीटर आधी थांबा. मागून दाबलेली शीर पुढून उठून येते. पेनाचं टोक टोचरं झालं असेल तर शीट चिरते आणि पाकळी पुढे त्याच रेषेवर तुटते. टोक आधी तळहातावर फिरवून बघा.

आता रंग. स्टीलच्या ताटलीवर मार्कर खरडून रुपयाएवढा डाग करा, त्यावर अल्कोहोलचे दोन-तीन थेंब टाका, स्पंजच्या तुकड्याने उचला आणि पाकळीच्या मागच्या बाजूला बुंध्याकडून कडेकडे टिपत न्या. बुंध्याशी दोनदा, कडेला एकदाच. मागच्या बाजूला दाबलेल्या शिरांच्या खाचांत शाई जास्त साठते, त्यामुळे पुढून पाहताना शिरा गडद दिसतात. त्या वेगळ्या रंगवायची गरज नाही. आणि पुढची बाजू कोरी राहिल्याने तिची चमक जात नाही.

सगळी पाकळी एकसारखी लाल करू नका. मधे मधे फिकट जागा राहिल्या तरच उजेड आरपार जातो. दाट रंगवलेली पाकळी लाल बादलीच्या तुकड्यासारखी दिसते, मग पारदर्शक शीट घेतली कशाला?

काही जण नेलपॉलिश सुचवतात. ओएचपी शीटवर ते बसतं, पण पीव्हीसी त्यातल्या द्रावकाने चिघळते आणि सुरकुतते. चूक पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात वापरू नका. त्यातल्या अॅसिटोनने मिठाईच्या खोक्याचं पीईटी कायमचं पांढरट होतं. मार्करची चूक अल्कोहोलनेच पुसा. अॅक्रिलिक रंगही इथे कामाचा नाही, तो अपारदर्शक असतो आणि गुळगुळीत शीटवरून खरवडला जातो.

ऊब देणं

अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत मेणबत्ती पेटवायची नाही. रंगवलेल्या पाकळ्या पंधरा मिनिटं वाळू द्या, बाटलीचं झाकण लावून ती दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मगच मेणबत्ती पेटवा. खिडकी उघडी, पंखा बंद. पंख्याने ज्योत हलते आणि पाकळीची एकच बाजू भाजते. कापताना मुलांना घ्या, इथे नको.

पाकळी चिमट्याने शेपटीला धरा, रंगाची बाजू वर. ज्योतीच्या टोकापासून चार-पाच सेंटीमीटर वर, कड आडवी ठेवून हात सरकवत न्या. एका जागी सेकंदभराहून जास्त थांबायचं नाही. कड आधी थरथरते, मग लहर उठते. लहर दिसली की लगेच बाजूला घ्या, कारण बाजूला घेतल्यावरही क्षणभर आकसणं चालू असतं. पाकळी ज्योतीच्या पिवळ्या भागात गेली तर काजळी धरते. कागदाच्या फुलात ती सावली म्हणून खपली असती, इथे काळा डाग दिसतो. ओल्या कापसाने काजळी पुसता येते, पण शीट जळून तपकिरी झाली असेल तर ती पाकळी गेली.

हीट गन असेल तर काम सोपं. क्राफ्टची छोटी गन सात-आठ सेंटीमीटरवरून फिरवा. रंगारी वापरतात ती मोठी गन पाकळीला दोन सेकंदांत गुंडाळून टाकते. केसांचा ड्रायर पुरत नाही, त्याची हवा ओएचपी शीटला पुरेशी गरम नसते.

कड लहरली की पाकळी दुसऱ्यांदा, मधल्या भागाखालून, झरकन एकदा ज्योतीवरून न्या आणि गरम असतानाच बोटांनी वरचा तिसरा हिस्सा मागे वळवा. हातमोजा किंवा सुती कापड घ्या. चार-पाच सेकंद धरून ठेवलं की आकार बसतो. आधी सोडलं तर शीट पुन्हा सपाट व्हायला बघते. पाचही पाकळ्या हुबेहूब सारख्या वळवू नका, पण वळण एकाच दिशेचं असू द्या. लेझरची शीट असेल तर लहर कमी येईल. ती वाढवायला ज्योतीच्या आणखी जवळ जायचा मोह आवरा. त्याऐवजी कापतानाच कड किंचित नागमोडी कापा.

पाकळी धरण्याआधी कापून उरलेल्या तुकड्यांवर हात बसवून घ्या. नवीन पाकीट आणलं की प्रत्येक वेळी. दोन पाकिटांतली शीट एकसारखी वागेल याची खात्री नसते.

तार आणि गोंद

गोंदाच्या बाबतीत आधी नकार. पांढरा फेविकॉल या कामाला नाही. त्यातलं पाणी शोषून घ्यायला प्लास्टिकमध्ये छिद्रं नसतात, आणि वाळलाच तर पापुद्र्यासारखा सुटतो. फेविक्विक चिकटतो घट्ट, पण त्याची वाफ आजूबाजूला पांढऱ्या धुक्यासारखी बसते. थेंब जितका मोठा आणि जागा जितकी बंदिस्त, तितका पांढरेपणा जास्त. तो डाग पाकळीच्या पोटात पडला की काही उपाय नाही. ग्लू गन देठाशी चालते, पाकळीवर नाही: जास्त तापणाऱ्या गनचा गोंद 100 मायक्रॉनची शीट आकसवतो, आणि गोंदाचे तंतू कोळिष्टकासारखे लोंबतात.

म्हणून बी-7000. 26 गेजची तार 12 सेंटीमीटरचे पंधरा तुकडे करा. प्रत्येकाचं टोक पक्कडीने बारीक गोल वळवा म्हणजे पाकळीला टोचणार नाही. मागच्या बाजूला मधल्या शिरेच्या खाचेत गोंदाची केसाएवढी रेघ ओढा, तारेचे 4 सेंटीमीटर तिच्यावर ठेवा, पाकळीच्या वळणाप्रमाणे तार वाकवा आणि मास्किंग टेपच्या दोन तुकड्यांनी धरून ठेवा. तार शेपटीवरून खाली जाते, साधारण 7 सेंटीमीटर मोकळी राहते. टेप तासाभराने काढा, पण पाकळी ओढूनताणून बघायची ती दुसऱ्या दिवशीच. हा गोंद वरवर लवकर वाळतो आणि आतून चोवीस तास तरी घेतो.

आता ग्लास कलरचा हात. किरमिजी रंगाचा एक थेंब बुंध्याशी, मागच्याच बाजूला, तारेवरून वरच्या दिशेने दीड-दोन सेंटीमीटर ओढायचा. जास्वंदीच्या घशाशी असतो तो गडद डाग यातून येतो आणि तारेचा खालचा भाग त्यात बुडून जातो. वर उरलेल्या तारेवर लाल रंगाची पातळ रेघ फिरवा. बाटली हलवू नका, हलवली की रंगात बुडबुडे येतात आणि ते पाकळीत तसेच गोठतात. तळाशी रंग बसला असेल तर बाटली दोन तळव्यांत फिरवा.

पाकळ्या वाळायला थर्मोकोलच्या जुन्या तुकड्यात तारेने उभ्या खोचा आणि वर खोकं पालथं घाला, खाली हवेला बोटभर फट ठेवून. धूळ बसत नाही. कोरड्या हवेत दिवसभर पुरे, पावसाळ्यात दोन दिवस धरा. गणपतीसाठी करत असाल तर श्रावणातल्या हवेचा हा हिशेब आधीच मांडून ठेवा. ओल्या सॉल्व्हंट रंगाजवळ आग नको, आणि ग्लास कलर लावलेली पाकळी पुन्हा तापवायची नाही, रंगाला फोड येतात.

तुरा

जास्वंदीची ओळख पाकळीपेक्षा तुऱ्यावरून पटते, आणि घाईत बिघडतो तो तुराच. खरं फूल हातात घेऊन बघा: मधोमध लांब नळी, तिच्या वरच्या अर्ध्या भागावर चहूबाजूंनी पिवळ्या परागांचे बारीक देठ, आणि अगदी टोकाला लाल मखमली पाच ठिपके. परागांचा झुपका टोकालाच लावला की ते फूल जास्वंदीचं राहत नाही.

30 गेजच्या तारेचे 6 सेंटीमीटरचे पाच तुकडे घ्या. प्रत्येकात एक लाल मणी ओवून तार दुमडा आणि पिळा. पाचही पीळ एकत्र करून 18 गेजच्या तारेच्या टोकाला असे बांधा की मणी टोकाच्या 8 मिलिमीटर वर येतील आणि जरा फाकलेले राहतील. तिथून लाल दोरा गुंडाळत खाली या. 7 सेंटीमीटरपर्यंत तुरा, त्याखाली देठ.

पोलनच्या काड्यांना दोन्ही टोकांना दाणे असतात. मधून कापून दहा-बारा काड्यांचे वीस-चोवीस तुकडे करा, दाण्याखाली 6 मिलिमीटर काडी ठेवून. दोरा गुंडाळताना वरून 1 सेंटीमीटर सोडून पुढच्या 3 सेंटीमीटरमध्ये दोन-दोन तुकडे दोऱ्याखाली अडकवत जा, आणि प्रत्येक वेढ्याला तार थोडी फिरवा म्हणजे ते चारी बाजूंना विखुरतील. शेवटी चिमट्याने प्रत्येक दाणा बाहेर वळवा. उरलेले खालचे 3 सेंटीमीटर नुसता दोरा.

जुळणी

पहिली पाकळी तुऱ्याच्या खालच्या टोकाला, पुढची बाजू आत, शेपटी तारेला लावून दोऱ्याने दोन वेढे घाला. दुसरी पाकळी अशी ठेवा की तिची डावी कड पहिलीच्या उजव्या कडेखाली जाईल. तिसरी दुसरीखाली, चौथी तिसरीखाली. पाचवीची उजवी कड मात्र पहिलीच्या डाव्या कडेच्या वर यायला हवी. हा पीळ साधला की फूल बंद होतं. पाचवी दोन्हीकडून खाली गेली तर पहिली पाकळी वर सुटी दिसते, जणू मागाहून डकवलेली. दोन पाकळ्यांमधलं अंतर पूर्ण फेरीचा पाचवा हिस्सा. वरून एकदा बघा, एखादी फट मोठी वाटली तर दोरा कसण्याआधीच सरकवा.

पाकळ्यांच्या तारा एकाच ठिकाणी संपल्या तर देठात गाठ येते. म्हणून 3, 4, 5, 6 आणि 7 सेंटीमीटर अशा वेगवेगळ्या ठिकाणी कापा, देठ हळूहळू बारीक होत जाईल. आता फ्लोरल टेप. ही टेप मेणाची असते आणि ताणल्याशिवाय चिकटत नाही. सैल गुंडाळली की दोन दिवसांत उलगडते आणि पाकळ्या देठाभोवती फिरू लागतात. एका हाताने देठ फिरवा, दुसऱ्याने टेप ताणून तिरकी धरा. सुरुवात शेपट्यांच्या वरच्या टोकापासून करा, म्हणजे दोरा पूर्ण झाकला जाईल.

खालची हिरवी वाटी दोन भागांची असते. खोक्याच्या झाकणातून 4 सेंटीमीटर व्यासाचा पाच टोकांचा तारा कापा, हिरवा ग्लास कलर द्या, वाळल्यावर तापवलेल्या सुईने मधे भोक पाडा आणि देठाच्या खालच्या टोकातून वर सरकवून गोंदाने पाकळ्यांना भिडवा. त्याच्या लगेच खाली फ्लोरल टेपच्याच 1.5 सेंटीमीटरच्या सहा-सात बारीक चिंध्या लावा. बहुतेक जण हा खालचा भाग सोडून देतात, पण फूल वाकवून ठेवलं की नेमका तोच दिसतो.

पानं प्रत्येक फुलाला दोन: 7 गुणिले 4.5 सेंटीमीटर, टोकदार, कडेला दाते. बुंध्याकडच्या भागाला दाते नकोत. शिरा आणि तार पाकळीसारख्याच. मिठाईच्या खोक्याची शीट ज्योतीपासून लांबच ठेवा, पानाला जरासा बाक देण्यापुरती ऊब द्या.

चाफा, कमळ आणि बाटलीचा बूड

चाफ्याला आच लागतच नाही. पाकळी 6 गुणिले 3 सेंटीमीटर, पाच. ओएचपी शीट एका बाजूने 400 नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडीच घासा, ती दुधी होते. घासलेल्या बाजूला पिवळ्या सॉफ्ट पेस्टलची पूड बुंध्याशी बोटाने चोळली की पिवळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी छटा आपसूक मिळते. पाकळीची एक कड पेन्सिलीवर घट्ट गुंडाळून सोडायची.

कमळासाठी पीव्हीसी. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले, पाणी उकळायच्या अलीकडे असलं, की पाकळी चिमट्याने पाच ते दहा सेकंद बुडवा, बाहेर काढून डावाच्या पाठीवर दाबा आणि तशीच थंड पाण्यात घाला. प्रत्येक पाकळीला एकसारखा खोलगटपणा येतो. 5, 6 आणि 7 सेंटीमीटर लांबीच्या तीन थरांत सहा, सहा, आठ पाकळ्या. ते पातेलं आणि डाव पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या बुडाला गॅसचा दाब सोसण्यासाठी पाच फुगीर पाय दिलेले असतात. बूड 2 सेंटीमीटर उंचीवर कापून पायांमधल्या खाचा कात्रीने खोल केल्या की पाच पाकळ्यांचं छोटं फूल तयार. मधे मोती, बास. तोरणात भरपूर संख्येने लागतात तिथे हेच करा, तिथे जास्वंदीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

लावणं आणि जपणं

मागून उजेड द्यायचा तर एलईडीच. जुना झिरोचा बल्ब तापतो आणि पाकळीला नको तिथे वळवतो. निरांजन, समई, कापूर यांपासून ही फुलं निदान तीन फूट दूर ठेवा. पीईटी पेटते आणि पेटलेले थेंब खाली गळतात. सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे मखराचा आधार पुठ्ठ्याचा किंवा बांबूचा घ्या. पाकळ्या खोचायला वर सांगितलेला तुकडा घरात पडून असलेलाच वापरायचा, तोही नसेल तर वाळूने भरलेला डबा चालतो. ही फुलं प्लास्टिकची आहेत, निर्माल्यात किंवा विसर्जनात जाता कामा नयेत. मूर्ती हलवण्याआधी काढून घ्या.

मार्करचा लाल रंग थेट उन्हात काही महिन्यांत गुलाबी पडतो, खिडकीत ठेवू नका. धूळ बसली तर कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा, गरम पाणी नको.

ठेवताना दोन फुलं एकमेकांना टेकू देऊ नका. ग्लास कलर वाळला तरी एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ पडतो, पाकळ्या चिकटतात आणि सोडवताना रंगाचा पापुद्रा निघून येतो. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर छपाईची शाई उलटी उमटते. प्रत्येक फूल बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून, तुरा वर येईल असं खोक्यात उभं ठेवा, आणि देठ खोक्याच्या तळाशी भोक पाडून खाली ओवून घ्या.